ॲसिडिटी: चिरफाड न करता झडप दुरुस्त होते का? (टिफ, स्ट्रेटा, मण्यांचं कडं वगैरे)

खंबाटकी
आपल्याकडे पित्त हा आजार म्हणून कुणी धरतच नाही, स्वभाव म्हणून धरतात. उपाशीपोटी एक गोळी, त्यावर चहा, दुपारी घोटभर गुलाबी औषध, रात्री पुन्हा काहीतरी. साताऱ्यात काय नि सांगलीत काय, अशी दहा-दहा वर्षं काढलेली माणसं गल्लोगल्ली सापडतील. आणि आता फोनवर जाहिराती येतात, "चिरफाड न करता ॲसिडिटीपासून कायमची सुटका".

त्यातली नावं अशी. टिफ, म्हणजे तोंडातून जाऊन अन्ननलिका नि जठर यांमधली झडप बांधणं. स्ट्रेटा, म्हणजे रेडिओलहरींचा शेक. आर्म्स, म्हणजे आतलं अस्तर थोडं काढणं. लिंक्स, म्हणजे चुंबकी मण्यांचं कडं. शिवाय जुनं फंडोप्लिकेशन, म्हणजे जठराचा अन्ननलिकेभोवती वेढा, आहेच. यातलं कुणाला काय लागू पडतं, बिघडलं तर काय बिघडतं, आणि गोळी खरंच सुटते का? "आमच्या मामांना गुण आला" एवढ्यावर भागवू नका, कारणं नि आकडे द्या.

अजिंक्यतारा
आधी शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे एन्डोस्कोपी केली तरी "दुर्बीण घातली" आणि लॅपरोस्कोपी केली तरी "दुर्बिणीनं ऑपरेशन केलं". दोन्ही वेगळ्या. पहिलीत नळी तोंडातून जाते, पोटाला बाहेरून हातही लागत नाही. दुसरीत पोटावर ५ ते १२ मिलिमीटरची साधारण पाच भोकं पाडतात, आत कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवतात आणि मग काम करतात.

टिफ, स्ट्रेटा, आर्म्स हे पहिल्या दुर्बिणीचे. लिंक्स आणि फंडोप्लिकेशन दुसऱ्या दुर्बिणीचे. म्हणजे जाहिरातीत "दुर्बिणीनं" एवढंच लिहिलं असेल तर तोंडातून की पोटातून, हा पहिला प्रश्न विचारायचा. चिरा नाही म्हणजे भूलही नाही असं समजू नका, टिफला पूर्ण भूल लागते.

भडंग
तिसरी दुर्बीण राहिली. शेजारच्या काकूंची. कुणाच्या घरात कुणाला पित्त आहे हे नळी न घालता दिसतं, आणि रिपोर्ट संध्याकाळपर्यंत अख्ख्या आळीला मिळतो.

मिरजेचा_तंबोरा
झडप हा शब्द सोयीचा आहे, पण फसवा. मोटारीच्या फूटव्हॉल्व्हसारखी तिथं चकती नसते. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला तीन-चार सेंटिमीटर लांबीचा स्नायूंचा पट्टा असतो, तो एरवी आवळलेला राहतो आणि घास आला की सैल पडतो. बरोबर त्याच जागी छाती नि पोट यांमधल्या पडद्याचे दोन पाय बाहेरून चिमटा घेतात. शिवाय अन्ननलिका जठराला तिरकी मिळते, त्यामुळे जठर भरलं की त्याचा घुमट बाजूनं दाब देतो. तिन्ही एका जागी असतील तोवर आम्ल खाली राहतं.

हायटस हर्नियात जठराचा वरचा भाग पडद्याच्या भोकातून छातीत सरकतो. पट्टा वर गेला, चिमटा खाली राहिला. मग पट्टा कितीही चांगला असो, एकटा पुरत नाही. म्हणून कुठली प्रक्रिया, याचं अर्धं उत्तर हर्निया किती सेंटिमीटर आहे यात असतं.

टिफमध्ये एन्डोस्कोपवर चढवलेलं यंत्र जठरात नेतात, वळवून वर बघतात, जठराचा घुमट अन्ननलिकेभोवती साधारण २७० अंशांत ओढून घेतात आणि पॉलिप्रॉपिलीनच्या इंग्रजी एच आकाराच्या वीसेक बारीक खुंट्यांनी पक्का करतात. तयार होणारी झडप दोन-तीन सेंटिमीटर लांब. पण पडद्यातलं भोक यात शिवलं जात नाही. म्हणून हर्निया २ सेंटिमीटरपर्यंत असेल तरच नुसतं टिफ. चार सेंटिमीटरच्या हर्नियाला नुसतं टिफ म्हणजे चौकट मोडलेली असताना दाराला नवी कडी बसवणं. तिथं आधी पोटातून हर्निया दुरुस्त करतात आणि त्याच भुलीत टिफ करतात, किंवा सरळ फंडोप्लिकेशन.

फंडोप्लिकेशन हे रुडॉल्फ निसेन यांचं, १९५५ मधलं. दुर्बिणीतून ते होऊ लागलं १९९१ च्या सुमारास. आधी जठर छातीतून खाली ओढतात, अन्ननलिकेचा किमान दोन-तीन सेंटिमीटर भाग ताण न देता पोटात राहील इतका मोकळा करतात, पडद्याचे पाय टाक्यांनी जवळ आणतात, आणि मग जठराचा घुमट अन्ननलिकेच्या मागून फिरवून पुढं टाकतात. गळ्याभोवती मफलर गुंडाळावा तसं. पूर्ण वेढा म्हणजे निसेन, मागून २७० अंश म्हणजे टुपे, पुढून अर्धा म्हणजे डोर. वेढा सैल आणि दोनेक सेंटिमीटरचाच ठेवायचा. मफलर आवळला की घास अडकलाच.

भडंग
मफलरवरून आठवलं, वेढ्यानंतर ढेकर येत नाही म्हणतात ते खरं का? आपल्याकडे पाहुण्यानं जेवून ढेकर दिली नाही तर घरच्यांना वाटायचं मीठ कमी पडलं.

मिरजेचा_तंबोरा
@भडंग, खरं आहे. पूर्ण वेढ्यात वारा वर सरकत नाही, पोट टम्म होतं आणि सगळा कारभार खालच्या वाटेनं चालतो. उलटीही नीट होत नाही. अर्धवट वेढ्यात हा त्रास कमी, म्हणून अलीकडे बरेच सर्जन टुपेकडे झुकलेत. अन्ननलिकेची ढकलशक्ती कमी असेल तर तर पूर्ण वेढा टाळतातच.

कास_कारवी
प्रक्रियांची यादी मस्त, पण गाडी घोड्याच्या पुढं जुंपली जातेय. छातीतली जळजळ आम्लाचीच आहे का, हे कुणी तपासलं?

२०१९ साली अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. (साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या सैनिकांच्या गावानं नीट वाचावं.) गोळ्यांनी जळजळ जात नाही म्हणून पाठवलेले ३६६ रुग्ण. त्यांना आधी ओमेप्राझोल २० मिलिग्रॅम दोन वेळा, जेवणाआधी, नीट पद्धतीनं दोन आठवडे दिलं. ४२ जण एवढ्यानंच बरे. तपासण्या झाल्यावर ९९ जणांची जळजळ आम्लाशी संबंधित नसल्याचं निघालं. २३ जणांना अन्ननलिकेचं दुसरंच काहीतरी होतं. बाकी गळत गळत शेवटी खरोखर शस्त्रक्रियेच्या तुलनेत उतरले फक्त ७८. त्या ७८ मध्ये मात्र शस्त्रक्रियेचा गुण ६७ टक्क्यांना, वाढीव औषधांचा २८ टक्क्यांना आणि नुसत्या गोळीवर ठेवलेल्यांपैकी १२ टक्क्यांना.

म्हणजे नीट निवडलेल्याला शस्त्रक्रिया उत्तम. न निवडता केली तर ज्याला आजारच नव्हता त्याच्या गळ्यात मफलर.

उसाचं_कांडं
लई भारी. वाचनखूण साठवली.

हरिपूरचं_पेव
त्या ४२ जणांचं रहस्य सांगतो, कारण तीच चूक इथं घरोघरी होते. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल या गोळ्या जठरातले आम्लाचे पंप बंद करतात, पण चालू असलेलेच. पंप चालू होतात खाल्ल्यावर. म्हणून गोळी खाण्याच्या अर्धा ते एक तास आधी हवी. आपली रीत काय? उठल्या उठल्या चहा-बटर, मग आठवण झाली की गोळी. किंवा रात्री जेवून झोपताना, "झोपेत त्रास होतो" म्हणून. दोन्ही वेळा औषध अर्धं वाया. रात्री त्रास असेल तर दुसरी गोळी रात्रीच्या जेवणाआधी. पहिल्या दिवशी फरक दिसत नाही, तीन ते पाच दिवस लागतात. म्हणून "त्रास होईल तेव्हा एक" हा हिशोब या गोळीला जमत नाही.

वोनोप्राझन नावाचं नवं औषध आता भारतात मिळतं, त्याला जेवणाची वेळ सांभाळावी लागत नाही आणि पहिल्या दिवसापासून जोर असतो.

दुसरं, पाकिटावर डीएसआर लिहिलेलं असतं. त्यात पॅन्टो किंवा राबे प्राझोलसोबत डोम्पेरिडोन असतं. ते जठर पुढं ढकलायला मदत करतं, पण हृदयाची लय बिघडवू शकतं. युरोपात २०१४ पासून त्याचा वापर थोड्या दिवसांपुरता आणि मळमळ-उलटीपुरता आणला गेला. इथं मात्र वर्षानुवर्षं मेडिकलमधून परस्पर नेलं जातं. हृदयरोगी आणि वयस्कांनी तरी हे डॉक्टरांना दाखवून घ्यावं.

कृष्णाकाठ
हे सगळं ठीक, पण गोळी आयुष्यभर घेऊन किडन्या जातात, हाडं ठिसूळ होतात, विसरभोळेपणा येतो. त्यापेक्षा एकदा काय ते करून मोकळं व्हावं. तीस-चाळीस वर्षं गोळ्या म्हणजे विष.

कास_कारवी
@कृष्णाकाठ, असहमत. ते सगळे दावे मुख्यतः नोंदींवरून काढलेले. गोळी घेणारा मुळातच जास्त आजारी असतो, दोष गोळीवर जातो. २०१९ मध्ये १७,५९८ लोकांना तीनेक वर्षं पॅन्टोप्राझोल ४० मिलिग्रॅम किंवा तशीच दिसणारी खोटी गोळी देऊन पाहिलं. किडनी, हाडं, विसरभोळेपणा, कशातही लक्षणीय फरक नाही. फरक फक्त आतड्यांच्या जंतुसंसर्गात, १.४ टक्के विरुद्ध १.० टक्के. बी-१२ कमी होणं आणि क्वचित मॅग्नेशियम उतरणं यावर लक्ष ठेवावं, त्यासाठी रक्ततपासणी पुरते.

आणि "एकदाच करून मोकळं" हेही अर्धसत्य. स्वीडनमध्ये पोटातल्या दुर्बिणीनं ही वेढ्याची शस्त्रक्रिया झालेल्या २,६५५ जणांचा माग काढला, १७.७ टक्क्यांना त्रास परतला. त्यातले बहुतेक पुन्हा गोळीवर गेले, थोड्यांची पुन्हा शस्त्रक्रिया. युरोपातल्याच दुसऱ्या तुलनेत पाच वर्षांनी आटोक्यात असलेले शस्त्रक्रियेच्या गटात ८५ टक्के, इसोमेप्राझोलच्या गटात ९२ टक्के. दोन्ही वाटा चांगल्या आहेत. एक वाट विष आणि दुसरी अमृत, असं नाही.

कृष्णाकाठ
८५ काय नि ९२ काय, गोळीवाल्यांची रोज गोळी चालूच आहे ना? आंबट पाणी घशाशी येणं गोळीनं थांबतं का? गोळी आम्ल मारते, पाणी वर येणं थोडंच अडवते.

मिरजेचा_तंबोरा
@कृष्णाकाठ यांचा हा मुद्दा अगदी खरा, आणि कास_कारवी यांनी तो सोडून दिला. गोळीनं वर येणारं पाणी कमी जळतं, येणं थांबत नाही. वाकलं की अन्न तोंडात येतं, उशीवर आंबट पाणी सांडतं, रात्री ठसका लागून जाग येते, अशांना गोळी बदलून बदलून उपयोग नसतो. शस्त्रक्रियेचा खरा उमेदवार तो. उलट ज्याला नुसती जळजळ आहे आणि गोळीनं काडीचाही फरक नाही, तो वाईट उमेदवार. गोळीनं फरक पडतो पण सोडवत नाही, त्याचा निकाल चांगला लागतो.

गोळी सोडतानाची एक गंमतही इथंच सांगतो. बरेच महिने घेतलेली गोळी एकदम बंद केली की आम्ल उसळतं, काही आठवडे आधीपेक्षा जास्त त्रास होतो. माणूस म्हणतो, "बघा, गोळीशिवाय जमत नाही." ती उसळी असते. दोनाची एक, एकाची दिवसाआड, मधल्या दिवसांत जेवणानंतर अल्जिनेटचं पातळ औषध १०-२० मिलिलिटर, असं उतरवावं. अल्जिनेट जठरातल्या अन्नावर सायीसारखं तरंगतं नि आम्लाला वर येऊ देत नाही. अन्ननलिकेत मोठ्या जखमा किंवा बॅरेट (आम्लानं अन्ननलिकेचं अस्तरच बदलणं) असेल तर मात्र गोळी स्वतःच्या मनानं उतरवायची नाही.

शतधौत
आयुर्वेदाच्या बाजूनं दोन शब्द. चरकात अम्लपित्ताचा वेगळा अध्याय नाही. तो काश्यपसंहितेत आणि माधवनिदानात येतो, तिथं ऊर्ध्वग आणि अधोग असे दोन प्रकार आहेत. आंबट-कडू वर येणं हे ऊर्ध्वग. म्हणजे "वर येतंय" ही खूण जुन्यांनाही वेगळी दिसली होती.

पण बोलीभाषेतलं पित्त म्हणजे पोतडी आहे. छाती जळली तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्त, अर्धं डोकं दुखून उलटी झाली तरी पित्त, पित्ताशयात खडे झाले तरी पित्तच. डॉक्टरांसमोर "पित्त आहे" म्हणू नका. कुठं, कधी, काय वर येतं, ते सांगा.

अविपत्तिकर चूर्ण घेणाऱ्यांसाठी: त्यात साखर सगळ्यात जास्त आणि खालोखाल निशोत्तर. म्हणजे मधुमेह्यांनी जपून, आणि रोज जुलाब होत असतील तर दोष पित्ताचा नाही, निशोत्तराचा. पडदा सरकून झालेला चार सेंटिमीटरचा हर्निया चूर्णानं खाली येत नाही, हेही सांगून टाकतो.

भडंग
म्हणजे मिसळ बंद करा असं शेवटी येणारच. आलं का?

शतधौत
@भडंग, तिखटापेक्षा कट जास्त दोषी. तिखट सोललेल्या नळीला झोंबतं, पण वरचं तेल जठर उशिरा रिकामं करतं. कांदा-लसूण मसाल्याचा रस्सा नऊ वाजता आणि झोप साडेनऊला, हे जास्त वाईट. जेवण नि झोप यात तीन तास. गळितात ऊसतोड नि वाहतूकवाल्यांना ते जमत नाही, त्यांनी रात्रीचं जेवण तरी हलकं ठेवावं. आणि कोकम सरबत "पित्तशामक" म्हणून पिताना ते मुळात आंबट आहे हे ध्यानात असू द्या.

तासगावची_बेदाणी
बेकिंग सोडा नि फसफसणाऱ्या पुड्यांचंही सांगा. आम्ल मरतं हे खरं, पण निघालेला वायू जठर फुगवतो, झडप सैल पडते नि आंबट ढेकर वर येते. शिवाय त्यात सोडियम भरपूर, बीपीवाल्यांनी रोज घेऊ नये.

आता मूळ यादीतल्या उरलेल्यांकडे. स्ट्रेटात नळीला चार बारीक सुया असतात, त्या झडपेच्या स्नायूत शिरतात आणि रेडिओलहरींनी स्नायू तापवतात. वरचं अस्तर भाजू नये म्हणून पाण्यानं थंड ठेवतात. झडपेच्या वर-खाली अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरवर हे पुन्हा पुन्हा. कापणं-शिवणं काही नाही, पण निकाल एकसारखे येत नाहीत. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएन्टरॉलॉजीच्या २०२२ च्या मार्गदर्शनात याची शिफारस नाही, सर्जनांच्या संघटनेचं मत त्यामानानं मऊ आहे. डॉक्टर-डॉक्टरांत एकमत नसेल तिथं घाई नको.

आर्म्स जपानचे हारुहिरो इनोउए यांचं. जठराच्या तोंडाशी अस्तराची चंद्रकोर काढतात, जखम भरताना आकसते, तोंड आवळतं. साधनं नेहमीचीच लागतात हा फायदा. तोटा असा की आकसण्यावर कुणाचा ताबा नाही. जास्त आकसलं की घास अडकतो आणि फुग्यानं रुंद करावं लागतं. यातलाच न कापता भाजायचा प्रकार आर्मा.

भारतात याच वर्गातलं आणखी एक आहे, जेर्डएक्स. तोंडातून जाऊन जठराच्या भिंतीला आरपार टाका घालून चुणी पाडतात. हैदराबादला ७० रुग्णांवर चाचणी झाली, त्यात निम्म्यांवर प्रक्रियेचं नुसतं नाटक केलं होतं. तिथं खऱ्या प्रक्रियेला बराच जास्त गुण दिसला. नाटकाशी तुलना महत्त्वाची, कारण या आजारात "काहीतरी केलं" यानंही बरं वाटतं.

एक जुनी आठवण ठेवा. एन्टेरिक्स नावाचं द्रव्य झडपेत टोचून ती जाड करायची कल्पना २००३ साली अमेरिकेत मंजूर झाली आणि २००५ साली बाजारातून परत मागवावी लागली, कारण द्रव्य नको तिथं गेलं. नवं आणि बिनचिऱ्याचं म्हणजे आपोआप निर्धोक नव्हे.

उसाचं_कांडं
मण्यांच्या कड्याचं राहिलं. चुंबक गळ्यात, मग वेल्डिंगच्या दुकानात गेलं तर खिळे चिकटायचे का?

तासगावची_बेदाणी
@उसाचं_कांडं, नाही हो. टायटॅनियमच्या मण्यांत इवलेसे चुंबक, ते एकमेकांना धरून राहतात एवढाच जोर. घास आला की मणी फाकतात, गेला की मिटतात. अमेरिकेत २०१२ साली मंजुरी. ढेकर नि उलटी बऱ्यापैकी शाबूत राहते, हा वेढ्यापेक्षा फायदा. अडचण एमआरआयची. नव्या कड्याला १.५ टेस्लापर्यंतचंच यंत्र चालतं, ३ टेस्लाचं नाही, म्हणून कार्ड जवळ ठेवायचं. आणि कडं बसल्यावर मऊ पेज पीत पडून राहायचं नाही, जागेपणी दर एक-दोन तासांनी घट्टसर घास खायचा, नाहीतर भोवती जमणारा कोष मण्यांना जखडतो. बाकी सगळ्या प्रक्रियांच्या नेमकं उलटं. इकडे मिळतं का, हे विचारून बघा.

माहुली_संगम
तपासण्यांवर कुणीच नीट लिहिलं नाही, आणि चुका तिथंच होतात.

एन्डोस्कोपीचा रिपोर्ट हातात आला की त्यात "लॅक्स एलईएस" (झडप सैल) आणि "ॲन्ट्रल गॅस्ट्रायटिस" (जठराच्या खालच्या भागाला सूज) हे दोन शब्द बहुतेक असतातच. नुसत्या "लॅक्स"वर शस्त्रक्रिया ठरत नाही. बघायचं ते असं: अन्ननलिकेत जखमा आहेत का आणि त्यांची लॉस एंजेलिस श्रेणी कुठली. ए म्हणजे ५ मिलिमीटरपर्यंतची ओरखड, ती निरोग्यातही सापडते. बी, सी, डी असेल तर आजार पक्का. हर्निया सेंटिमीटरमध्ये लिहिलाय का. झडपेची हिल श्रेणी एक ते चार, त्यात तीन-चार म्हणजे तोंड उघडं. बॅरेट आहे का, असल्यास तुकडा तपासला का.

जखमा नसतील किंवा ए असेल तर पीएच चाचणी हवीच. नाकातून बारीक तार, सेन्सर झडपेच्या ५ सेंटिमीटर वर, कमरेला डबी, २४ तास. आम्लाची वेळ, म्हणजे त्यातला किती वेळ अन्ननलिकेत आम्ल होतं ते, ४ टक्क्यांखाली असेल तर आजार नाही, ६ च्या वर असेल तर आहे, मधलं धूसर. चाचणीआधी सात दिवस गोळी बंद, वोनोप्राझन असेल तरीही.

सगळ्यात मोठी चूक त्या २४ तासांत होते. डबी लावली म्हणून लोक दहीभात खाऊन अंग चोरून बसतात. रिपोर्ट नॉर्मल येणारच. त्या दिवशी नेहमीसारखं खा, वाका, झोपा. जेवण, आडवं होणं आणि जळजळ यांची बटणं मात्र वेळेवर दाबा.

मॅनोमेट्री ही तिसरी, गिळताना अन्ननलिकेतला दाब मोजणारी. नाकातून नळी, आडवं झोपून ५ मिलिलिटर पाण्याचे दहा घोट, अर्ध्या तासाचं काम. अकॅलेशिया या आजारात झडप उघडतच नाही, अन्न वर साचतं, आंबून छातीत जळतं, आणि वर्षानुवर्षं "ॲसिडिटी" म्हणून गोळ्या चालतात. त्या माणसाला वेढा घातला तर पाण्याचा घोटही उतरायचा नाही. मॅनोमेट्री न करता तारीख देणाऱ्या ठिकाणाहून फाइल घेऊन उठावं, हे माझं स्पष्ट मत.

अजिंक्यतारा
+१. आणि चढणीवर, म्हणजे किल्ला किंवा जिना चढताना छाती जळत असेल, थांबल्यावर शमत असेल, तर पोटाची कुठलीच दुर्बीण नको, आधी ईसीजी आणि हृदयाचे डॉक्टर. घास अडकणं, आपोआप वजन उतरणं, काळी शी, रक्ताची उलटी, रक्त कमी होणं, यात गोळी बदलत बसायचं नाही, लगेच एन्डोस्कोपी.

कृष्णाकाठ
शंका. वजन कमी करायचं ऑपरेशन केलं की हे आपोआप जातं म्हणतात.

मिरजेचा_तंबोरा
कुठलं, त्यावर आहे. स्लीव्हमध्ये जठराची नळी करतात, आतला दाब वाढतो, बऱ्याच जणांचा त्रास वाढतो. जठराच्या बायपासनं कमी होतो. जाड माणसाला दोन्ही प्रश्न असतील तर बायपास हीच आम्लावरचीही शस्त्रक्रिया. ऑपरेशन न करताही पोटाचा घेर उतरला की दाब उतरतो, हे फुकटातलं.

उसाचं_कांडं
वेढा घातल्यानंतरच्या दिवसांवर कुणी तरी लिहा, कारण घरी आल्यावर भाकरीवरून भांडणं होतात.

हरिपूरचं_पेव
होणारच. सूज असते, पहिले काही आठवडे वेढा घट्ट वाटतो. पहिला आठवडा पातळ: पेज, गाळलेली आमटी, ताक. मग तीन-चार आठवडे मऊ: खिमट, गुरगुट्या भात, पातळ शिरा. अडकणारे ठरलेले तीन म्हणजे कोरडी भाकरी, पाव, मटणाचा तुकडा. भाकरी खायचीच तर सहाएक आठवड्यांनी, आमटीत कुस्करून, काला करून. पाव नि मटण त्याहून उशिरा. सोडा, कोल्ड्रिंक बंद. स्ट्रॉनं पिऊ नका, हवा गिळली जाते. मोठ्या गोळ्या फोडून घ्याव्या लागतात, पण आवरण असलेल्या आम्लाच्या गोळ्या फोडायच्या नाहीत.

सहा आठवडे पाच किलोवर काही उचलायचं नाही. दुधाचा कॅन, उसाची मोळी, भरलेली घागर, नातू, सगळं त्यात आलं. पडद्याचे टाके पोटाच्या दाबानंच उसवतात. पहिल्या दिवसांतली जोराची उलटी सगळ्यात वाईट, म्हणून मळमळीचं औषध आधीच देतात. पुण्याहून घरी येणाऱ्यांनी गाडी लागत असेल तर तसं डिस्चार्जच्या आधी सांगावं.

दोन-तीन महिन्यांनीही घास अडकत असेल तर बेरियम पिऊन एक्स-रे काढतात. वेढा घट्ट असेल तर फुग्यानं रुंद करतात, घसरला असेल तर पुन्हा शस्त्रक्रिया. दुसरी पहिलीपेक्षा अवघड असते, म्हणून पहिलीच सराव असलेल्या हाताकडून.

खंबाटकी
धागा भलताच कामाचा झाला. पण मूळ प्रश्न तिथंच आहे. समजा बेचाळीस वर्षांचा माणूस, सडपातळ, गोळीनं बरं वाटतं पण सोडली की पाणी घशाशी. हर्निया २ सेंटिमीटर, पीएच चाचणीत आम्लाची वेळ ८ टक्के, मॅनोमेट्री ठीक. त्यानं काय करावं?

मिरजेचा_तंबोरा
@खंबाटकी, हा तर पुस्तकातला उमेदवार. याला टिफ, जेर्डएक्स किंवा टुपे, तिन्ही मोकळे. तोंडातली प्रक्रिया निवडली तर पोटावर व्रण नाही, ढेकर राहते, पण काही वर्षांनी थोडी गोळी परत लागण्याची तयारी ठेवायची. टुपेचं काम जास्त टिकाऊ, बदल्यात भोकं आणि सहा आठवड्यांचा काला. हर्निया ३ असता तर मी तोंडातल्या वाटेचं नावही काढलं नसतं.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न असे: अशा किती केल्यात, त्यातल्या किती जणांची गोळी वर्षानंतर बंद आहे, आणि घास अडकला तर रुंद करायची सोय इथंच आहे का. मिरजेत १८९४ पासून इस्पितळाची परंपरा आहे, साताऱ्याहून पुणं शंभरेक किलोमीटरवर. अंतर बघू नका, मॅनोमेट्री नि पीएच दोन्ही होतात का तेवढं फोनवर विचारा.

तासगावची_बेदाणी
विम्याचंही बघा. बहुतेक पॉलिसींत हर्नियाला २४ महिन्यांची प्रतीक्षा असते आणि हायटस हर्निया त्यातच धरतात. तारीख घेण्याआधी कॅशलेसची मंजुरी लेखी घ्या.

खंबाटकी
आभार. तोवर त्या माणसानं उशा वाढवाव्यात का?

माहुली_संगम
उशा नको. दोन-तीन उशांनी मान वर जाते नि पोट दुमडतं, दाब वाढतो. पलंगाच्या डोक्याकडचे पाय १५ ते २० सेंटिमीटर उचलायचे, म्हणजे आडव्या ठेवलेल्या दोन विटा. आणि डाव्या कुशीवर झोपायचं, त्या बाजूला झोपलं की जठरातलं आम्ल झडपेच्या खाली राहतं.

भडंग
आणि दिवाण असेल, खालच्या कप्प्यात गोधड्या नि लग्नातली भांडी भरलेली असतील तर?

माहुली_संगम
तर गादीखाली घालायचा तिरका फोम मिळतो, तो कमरेपासून वर जाणारा घ्या, नुसत्या खांद्याखालचा नको. आणि लोखंडी कॉटला विटा लावणार असाल तर विटेवर जुन्या टायरचा तुकडा ठेवा. फरशीवर वीट सरकते.